शेवटच्या नमुन्यापर्यंत

क्षयरोगावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू असते, तेव्हा सगळ्यात अवघड काळ येतो तो औषध लागू पडल्यावर. खोकला थांबतो, रात्रीचा घाम थांबतो, वजनाचा काटा पुढे सरकायला लागतो. माणूस कामावर जातो, गावी जाऊन येतो, लग्नाकार्यात मिसळतो आणि हळूहळू दवाखान्याची वाट विसरतो. बरं वाटायला लागल्यावर आजार विसरावासा वाटणं साहजिकच आहे. आमचा प्रश्न मात्र तिथून पुढे सुरू होतो. हा माणूस खरंच बरा झाला, की नुसता बरा दिसतो आहे? हे कळायला औषधं संपल्यावरही सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ त्याने ठरलेल्या दिवशी यावं लागतं, बाटलीत थुंकी द्यावी लागते. तो येत राहावा म्हणून जे जे करायचं, ते माझं काम.

मी वसईतल्या होळी या भागात राहते आणि मुंबईतल्या एका रुग्णालयात स्टडी को-ऑर्डिनेटर म्हणून काम करते. चाचणीची आखणी करणारे शास्त्रज्ञ वेगळे, रुग्णाची जबाबदारी घेणारे डॉक्टर वेगळे. या दोघांच्या आणि रुग्णाच्या मधे एक माणूस लागतो. संमतिपत्र समजावून सांगणारा, तारखा सांभाळणारा, गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजून घेणारा, ईसीजीच्या रांगेत रुग्णाबरोबर उभा राहणारा, आणि रात्री साडेनऊला आलेला फोन उचलणारा. आमच्याकडे येतात ते बहुतेक औषधरोधक क्षयरोगाचे रुग्ण. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचं मुख्य औषध; तेच ज्यांच्या जंतूंवर चालत नाही, अशी ही माणसं. विरार, नालासोपारा, भिवंडी, गोवंडी, कुर्ला. मुंबईच्या पोटात आणि काठावर जिथे घरं दाटीने उभी आहेत आणि हवा कमी आहे, तिथून ती येतात.

नवीन माणूस कामाला लागला की मी त्याला आधी १९४८ सालची गोष्ट सांगते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी केली होती. कोणाला औषध आणि कोणाला फक्त अंथरुणातला आराम, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता आधीच तयार केलेल्या यादीवरून, बंद पाकिटांतून ठरवलं होतं. आजच्या सगळ्या चाचण्या ज्या रीतीने चालतात तिचं हे पहिलं मोठं उदाहरण. औषध मिळालेले ५५ रुग्ण, आराम करणारे ५२. सहा महिन्यांनी पहिल्या गटात चार दगावले होते, दुसऱ्यात चौदा. त्याच दिवशी वह्या मिटल्या असत्या, तर क्षयरोग जिंकला असंच जगाला वाटलं असतं. पण त्या डॉक्टरांनी माणसांचा माग सोडला नाही. पाच वर्षांनी पाहिलं तर ५५ पैकी ३२ गेले होते आणि ५२ पैकी ३५. सहा महिन्यांचा मोठा फरक जवळपास पुसला गेला होता. एकटं औषध दिलं की जंतू त्याला पुरून उरतात, हे चाचणी चालू असतानाच दिसू लागलं होतं; त्याची खरी किंमत पाच वर्षांनी कळली. स्ट्रेप्टोमायसिनला पॅस या दुसऱ्या औषधाची जोड देऊन पाहिली तेव्हा जंतूंचा हा प्रतिकार रोखता येतो हे दिसलं. आज आपण क्षयरोगाला एकाच वेळी तीन-चार औषधं देतो, त्याच्या मुळाशी हाच धडा आहे. त्याचं पूर्ण वजन पहिल्या सहा महिन्यांत कळलं नाही. त्यानंतरही कुणीतरी त्या माणसांची विचारपूस करत राहिलं म्हणून ते कळलं.

त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट होती. फक्त आराम करणाऱ्यांना आपण कुठल्या चाचणीत आहोत याची कल्पनाही दिलेली नव्हती. त्या काळी तशीच पद्धत होती. आज आमच्या कामाची सुरुवातच सांगण्यापासून होते. २०१९ सालच्या नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांप्रमाणे रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती द्यावी लागते, विचार करायला वेळ द्यावा लागतो, वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. अगदी नवीन रेणूचं औषध असेल आणि रुग्ण दुबळ्या परिस्थितीतला असेल तर हे सगळं बोलणं कॅमेऱ्यावर रेकॉर्ड करावं लागतं. कागद वीस-पंचवीस पानांचा असतो. मी तो कधीच पहिल्या बैठकीत सही करून घेत नाही. घरी न्या म्हणते, भावाला दाखवा, सासऱ्यांना दाखवा, उद्या या. कॅमेरा पाहिला की बायका पदर पुढे ओढतात. आधी त्यांची भीती काढावी लागते: हे टीव्हीवर जाणार नाही, शेजारी पाहणार नाहीत, हा पुरावा तुमच्याच बाजूचा आहे.

समजावून झालं की मी उलट विचारते, "आता मला सांगा, तुम्हाला काय समजलं?" इथे खरं काय ते बाहेर येतं. एकदा एका तरुणाने मला शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुम्ही मला भारीतलं औषध देणार, कारण मी गरीब आहे आणि माझी केस हाताबाहेर गेलीय." गट चिठ्ठी टाकल्यासारखा ठरतो, हे मी त्याला परत सांगितलं. कुठल्या गटात पडणार ते मी ठरवत नाही, डॉक्टर ठरवत नाहीत, संगणक ठरवतो. कुठला गट बरा हे आम्हालाही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर चाचणी करण्याचं कारणच उरलं नसतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हालापण माहीत नाही, आणि तुम्ही ते तोंडावर सांगताय." दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला आणि सही केली. मला वाटतं, माहीत नाही हे डॉक्टरच्या तोंडून ऐकायची रुग्णाला सवय नसते, आणि ते प्रामाणिकपणे सांगितलं की तो दूर न जाता जवळ येतो.

भेटीचा दिवस बाहेरून कंटाळवाणा दिसतो. पहाटेची थुंकी हवी असते, म्हणून रुग्ण उपाशीपोटी पहिल्या लोकलने निघतो. थुंकी देतानाही शिकवावं लागतं: उघड्यावर, इतरांपासून लांब, खोल श्वास घेऊन छातीतून, नुसती लाळ नको. नमुना बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जातो. तिथल्या द्रव माध्यमात जंतू वाढतात का हे पाहायला सहा आठवडे थांबावं लागतं, तेव्हा कुठे तो निगेटिव्ह म्हणतात. मग ईसीजी, कारण बेडाक्विलिन आणि क्लोफाझिमिन या औषधांनी हृदयाच्या ठोक्यामधलं एक विशिष्ट अंतर लांबू शकतं. मग रक्त, कारण लिनेझोलिड या औषधाने रक्तपेशी कमी होतात. मग डोळे: रंगीत ठिपक्यांच्या पानावर लपलेला आकडा वाचायचा. शेवटी पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवून विचारायचं, थरथर जाणवते का, आणि थांबली की सांगा. लिनेझोलिड नसांवर परिणाम करतं, आणि तो परिणाम पायाच्या टोकापासून सुरू होतो. "चपला निघून जातात पायातून, कळत नाही," असं कुणी म्हणालं की माझं लिहिणं थांबतं आणि मी डॉक्टरांना बोलावते. जिवावर बेतणारं काही घडलं, तर चोवीस तासांच्या आत औषध नियंत्रकांना, प्रायोजकांना आणि नैतिकता समितीला कळवावं लागतं. चाचणीमुळे झालेल्या इजेचा इलाज मोफत, आणि नियमात बसेल तशी भरपाई.

या बारीकसारीक नोंदींमधूनच औषधाची मात्रा ठरते, हे मी डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. बेडाक्विलिन, प्रेटोमानिड आणि लिनेझोलिड या तीन औषधांची निक्स-टीबी नावाची चाचणी दक्षिण आफ्रिकेत झाली. तिचा निकाल २०२० मध्ये आला. अत्यंत चिवट क्षयरोगाच्या १०९ रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के सहा महिन्यांच्या उपचाराने सुधारले. याआधी असल्या रुग्णांना दीड-दोन वर्षं औषधं घ्यावी लागत आणि तरी बरेच जण वाचत नसत. पण त्याच चाचणीत लिनेझोलिडची मात्रा रोज १२०० मिलिग्रॅम होती आणि ८१ टक्के लोकांच्या नसांना त्रास झाला. बरे झाले, पण पाय बधिर. म्हणून पुढची चाचणी, झिनिक्स, हाच प्रश्न घेऊन उभी राहिली: मात्रा किती कमी करता येईल? सहा महिने ६०० मिलिग्रॅम दिल्यावर यश ९१ टक्के राहिलं आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. तेच आज जगभर वापरलं जातं. आपल्याकडेही आयसीएमआरच्या चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने ४०० रुग्णांची चाचणी आखली. मात्रा ६०० वरून काही आठवड्यांनी ३०० करता येईल का, हा तिचा प्रश्न. भारतीय माणसाचं वजन, त्याचं कुपोषण, त्याची रक्ताची कमतरता लक्षात घेऊन विचारलेला तो प्रश्न होता. त्याच संस्थेच्या बीट-टीबी इंडिया या चाचणीत मुंबईचेही रुग्ण होते. बेडाक्विलिन, डेलामानिड, लिनेझोलिड आणि क्लोफाझिमिन एकत्र देऊन, एकही इंजेक्शन न टोचता, सुमारे ९१ टक्के रुग्णांना सहा ते नऊ महिन्यांत यश आलं.

इंजेक्शन नको, या दोन शब्दांची किंमत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांच्याकडून कळते. क्षयरोगाच्या इंजेक्शनांनी त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिनचं पेटंट वाढवून देण्याला भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो वाढीव अर्ज फेटाळला. औषध स्वस्त होण्याची वाट त्यातून मोकळी झाली. चाचणी औषध सिद्ध करते. ते गरिबाच्या हातात पडायला आणखी वेगळी लढाई लागते.

क्लोफाझिमिनबद्दल मात्र आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट मला सांगायची आहे. त्याने त्वचा काळपट होते. औषध बंद झाल्यावर हळूहळू, काही महिन्यांनी रंग परत येतो. कागदावर हा सौम्य दुष्परिणाम. लग्नाला आलेल्या मुलीच्या घरी तो सौम्य नसतो. "जंतू गेले पण लोक विचारतात काय झालं तोंडाला," असं मला एका आईने सांगितलं. ती मुलगी औषध सोडायच्या बेतात होती. आम्ही आधी बरी झालेल्या एका बाईंना, त्यांची परवानगी घेऊन, तिच्याशी फोनवर बोलायला लावलं. त्यांनी रंग परत यायला किती महिने लागले ते सांगितलं. मुलगी थांबली. तेव्हापासून मी या त्रासाबद्दल पहिल्याच दिवशी सविस्तर बोलते, फोटो दाखवून बोलते. रुग्णाला जे महत्त्वाचं वाटतं ते आपल्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतं यावरून त्याचं वजन ठरत नाही.

होळीला राहणाऱ्या माणसाला या कामात एक वेगळी कसरत करावी लागते. सकाळी बाजार भरतो, आसपासच्या गावांतून भाजी, केळी, फुलं येतात, पलीकडे मासळी असते. झेंडाबाजार, पारनाका, किल्लाबंदर या बाजूचे सगळे एकमेकांना ओळखतात. कोण कोणाच्या घरात सून आहे हे माहीत असलेली ही वस्ती. मी काय काम करते हेही बऱ्याच जणांना माहीत. अशा ठिकाणी माझ्या यादीतलं एखादं माणूस समोरून आलं तर? माझा नियम असा की मी आधी ओळख दाखवत नाही. समोरच्याने दाखवली तर हसते, नाही दाखवली तर टोमॅटोचा भाव विचारून पुढे जाते. कारण मी कुणाशी बोलले, यावरूनच शेजारणीला कळेल की त्या घरात टीबी आहे. फोन करतानाही तसंच. पहिल्या भेटीतच विचारून घेते, घरी कोणाला माहीत आहे, फोन कोण उचलतो, मी कोण म्हणून बोलू? कुणी सांगतं बँकेतून बोलतेय म्हणा, कुणी सांगतं मैत्रीण. मी बँकेची म्हणून बोलत नाही. खोटं सांगणं चाचणीच्या नात्यात बसत नाही. मी नुसतं नाव सांगते आणि "त्यांना फोन करायला सांगा" एवढंच म्हणते. क्षयरोगाची लाज अजून गेलेली नाही. ती जाईपर्यंत गुप्तता हा औषधाचाच भाग आहे.

एका भाजीवालीने मात्र हा नियम स्वतःहून मोडला. तिची औषधं संपून बरेच महिने झाले होते. भर बाजारात, दहा माणसांसमोर ती मोठ्याने म्हणाली, "बाय, माझी पुढची तारीख कधी हाय गं?" बाजूच्या बायकांनी विचारलं, कसली तारीख. ती म्हणाली, "मला टीबी होता. बरी झाले. आता ते तपासतात परत येतो का." असं तिने हातातली गवार तोलत तोलत सांगितलं. मी तिला तारीख सांगितली. त्यानंतर त्या बाजारातून दोन जण खोकल्याची तपासणी करून घ्यायला वसईच्या सरकारी दवाखान्यात गेले, हे मला नंतर कळलं. तिने कुठलंही जनजागृतीचं पत्रक वाटलं नव्हतं. ती फक्त लाजली नाही.

लांबवर माग ठेवणं किती महत्त्वाचं, याचा आधुनिक दाखला बेडाक्विलिनच्याच इतिहासात आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, चाळीस वर्षांत क्षयरोगासाठी आलेलं ते नव्या जातीचं पहिलं औषध. पण मान्यतेला आधार असलेल्या चाचणीत एक अस्वस्थ करणारी गोष्ट होती. औषध घेतलेल्या ७९ पैकी १० जण दगावले, आणि नकली गोळी घेतलेल्या ८१ पैकी २. यातले बहुतेक मृत्यू औषध थांबवल्यावर बऱ्याच काळाने झाले होते. १२० आठवडे माग ठेवला म्हणूनच ते मोजले गेले. औषध संपल्याच्या दिवशी चाचणी संपवली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्या आकड्यामुळे औषधाच्या वेष्टणावर ठळक इशारा छापला गेला. भारतात ते २०१६ पासून सुरुवातीला मोजक्या केंद्रांतून, कडक देखरेखीखाली दिलं गेलं. पुढे स्ट्रीम नावाच्या मोठ्या चाचणीचा दुसरा टप्पा झाला. त्यात भारतातलेही रुग्ण होते. २०२२ मध्ये निकाल आला. बेडाक्विलिनचा तोंडाने घ्यायचा उपचार इंजेक्शनच्या उपचारापेक्षा सरस ठरला आणि मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. आधीची शंका शेकडो लोकांच्या नियमित भेटींनी फिटली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रेटोमानिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हा सहा महिन्यांचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमासाठी मान्य केला. आज वसई-विरारमधल्या एखाद्या रुग्णाला दीड-दोन वर्षांऐवजी सहा महिन्यांचं पाकीट मिळतं, त्यामागे अशा हजारो कंटाळवाण्या सकाळी आहेत.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाल्या तेव्हा हा सगळा धागा तुटणार असं वाटलं होतं. भाईंदरच्या खाडीच्या अलीकडचे आमचे रुग्ण मुंबईला पोचू शकत नव्हते. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू व्हायला १५ जून उजाडला. तोवर एसटीने, मिळेल त्या वाहनाने आम्ही जात होतो. नैतिकता समितीची परवानगी घेऊन औषधं रुग्णांच्या घरी पोचवायची सोय झाली, ईसीजी जवळच्या दवाखान्यात काढायचं ठरलं, बाकी चौकशी व्हिडिओ कॉलवर. घरोघर खोकल्याची इतकी दहशत होती की क्षयरोगी दारात आलेल्या माणसाशी बोलायलाही घाबरत होते. एका आजोबांना मी गल्लीच्या तोंडाशी औषधाचं पाकीट दिलं, तर ते हात जोडून म्हणाले, "ताई, आमच्यासाठी कोण येतंय या दिवसांत?" मला तेव्हा जाणवलं की आम्ही त्यांच्या मागे लागतो ते आकड्यांसाठी, पण त्यांच्यापर्यंत पोचते ती विचारपूस. या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत.

निदानाच्या चाचण्यांचं काम थोडं निराळं असतं. तिथे कुणी नवी गोळी गिळत नाही, नवं यंत्र जुन्या खात्रीच्या पद्धतीशी ताडून पाहायचं असतं. यंत्र चालवणाऱ्याला दुसरीकडचा निकाल माहीत असता कामा नये. या बाबतीत मुंबईचा वाटा मोठा आहे. दोन तासांत क्षयरोग आणि रिफाम्पिसिनचा प्रतिकार सांगणाऱ्या एक्स्पर्ट यंत्राचा पाया घालणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मोजक्या केंद्रांपैकी एक मुंबईचं हिंदुजा रुग्णालय होतं, आणि तिथल्या डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज त्याच्या लेखकांत आहेत. १७३० रुग्णांनी प्रत्येकी अनेक वेळा थुंकी दिली. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसतात अशा रुग्णांपैकी ९८ टक्क्यांहून जास्त लोकांत यंत्राने रोग पकडला. ज्यांच्यात सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसत नाहीत, त्यांच्यात एका तपासणीत ७२.५ टक्के आणि तीन तपासण्यांत ९० टक्के. हा दुसरा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण याच लोकांना पूर्वी "तुम्हाला काही नाही" म्हणून घरी पाठवलं जायचं. पुढे गोव्यात बनणारं ट्रूनॅट हे यंत्र आलं. ते बॅटरीवर चालतं, आटोपशीर आहे, जिथे वातानुकूलन नाही तिथेही ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. छातीचा एक्स-रे वाचणारी संगणकीय प्रणाली बनवणारी एक कंपनी, क्युअर डॉट एआय, तीही मुंबईचीच. या यंत्रांना बरोबर-चूक शिकवलं ते खोकत खोकत दवाखान्याच्या वाटेला लागलेल्या माणसांच्या नमुन्यांनी.

आता जो निघून जातो त्याच्याबद्दल. नियम स्पष्ट आहे: सहभागी कधीही, कारण न सांगता, चाचणी सोडू शकतो, आणि त्याच्या पुढच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. या हक्काची मी दर भेटीला आठवण करून देते. तरीही काही जण हक्काने सोडून जात नाहीत, नुसते दिसेनासे होतात. बांधकामावरची कामं संपतात आणि सगळी वस्ती दुसऱ्या गावी जाते. फोन बंद येतो. घरमालक म्हणतो खोली सोडली. एक तरुण असाच गेला. आठ महिन्यांच्या तपासण्या पूर्ण, शेवटची राहिलेली. त्याच्या चुलत्याचा जुना नंबर आमच्याकडे होता, तो वारंवार लावत राहिले. शेवटी मराठवाड्यातल्या एका गावातून त्याचाच आवाज आला. उसाच्या टोळीवर होता. म्हणाला, "मला वाटलं मी आता तुमच्या कामाचा नाही." तिथल्या जिल्हा क्षयरोग केंद्राशी बोलून त्याचा नमुना तिकडेच घेतला. निगेटिव्ह आला.

त्याच्या त्या वाक्याला उत्तर चाचणीच्या गणितातच आहे, आणि हे गणित मला या सगळ्या व्यवसायातली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. ज्याला एकदा गटात घेतलं, तो हिशेबातून काढला जात नाही. त्याने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील, गट बदलला असेल, मधेच गेला असेल, तरी तो आपल्या गटात मोजला जातो. फक्त शिस्तीने शेवटपर्यंत टिकलेल्यांची बेरीज केली तर औषध आहे त्याहून चांगलं दिसेल, कारण निघून गेलेल्यांतच बऱ्याचदा त्रास झालेले, न परवडलेले, खचलेले असतात. त्यांना वगळलं की निकाल खोटा ठरतो. म्हणजे सत्याला दुबळ्या माणसाची गरज आहे. हे मी त्या तरुणाला फोनवर सांगितलं. ते त्याला किती समजलं ते मला सांगता येणार नाही, पण नमुन्याच्या तारखेला त्याने स्वतःहून फोन केला.

आपल्या देशात या विचाराला मोठी परंपरा आहे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या चाचणीने विचारलं होतं: क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्येच ठेवलं पाहिजे का? गरीब घरातल्या रुग्णांचे दोन गट केले. एक रुग्णालयात, पौष्टिक जेवण आणि आरामासह. दुसरा दाटीच्या घरात, कामधंदा करत, तीच औषधं घेत. वर्षाअखेर दोघांचा निकाल जवळपास सारखा आला. मग रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा पाच वर्षं माग ठेवला. घरी उपचार घेतलेल्यांच्या कुटुंबात लागण जास्त झाली नाही. या निकालाने जगभर सॅनिटोरियमची गरज संपली. कोट्यवधी माणसं आपल्या घरात, आपल्या मुलांजवळ राहून बरी होऊ लागली. ज्यांच्या घरात ही गोष्ट सिद्ध झाली, ती मद्रासच्या गल्ल्यांतली कुटुंबं होती. आपण जगाला काय दिलं हे त्यांतल्या किती जणांना कळलं असेल?

या प्रश्नापाशी माझं मन अडतं. चाचणी संपते, निबंध परदेशी नियतकालिकात इंग्रजीत छापून येतो, परिषदांत टाळ्या होतात. ज्याने थुंकी दिली, पाय बधिर करून घेतले, काम बुडवून पहिली लोकल पकडली, त्याला निकाल सांगायची कुठलीच ठरलेली रीत नाही. आमच्या केंद्रात आम्ही डॉक्टरांच्या आणि नैतिकता समितीच्या संमतीने एक पानी मराठी आणि हिंदी पत्र तयार करायला लागलो आहोत: काय विचारलं होतं, काय कळलं, तुमच्यामुळे आता कुणाला कोणता उपचार मिळतो. ते वाचून दाखवायला जातो, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. हे प्रत्येक चाचणीच्या खर्चात आधीच धरलेलं असावं, आणि समित्यांनी त्याशिवाय मंजुरी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या घरात कुणाला चाचणीबद्दल विचारलं गेलं तर घाबरू नका आणि घाईही करू नका. विचारा: चाचणीत नाही गेलो तर मला कोणता उपचार मिळेल? त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा? त्या त्रासाचा इलाज आणि भरपाई कोण करणार? प्रवासाचा, बुडालेल्या रोजाचा खर्च मिळेल का? चाचणीची सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंद आहे का? मधेच सोडलं तर काय? निकाल मला कोण, कधी सांगेल? उत्तरं मिळाली नाहीत तर नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे. मिळाली आणि मनाला पटली, तर हो म्हणा. आणि हो म्हणालात तर बरं वाटायला लागल्यानंतरही या. तुमच्यासारखाच आजार घेऊन उद्या जो दारात उभा राहील, त्याला नेमकी किती गोळी द्यायची हे तुमच्या शेवटच्या नमुन्यातूनच ठरणार आहे.